पाकिटावर ‘व्हीगन’ छापण्याआधी

वाचकांचं पत्र

आम्ही दोघी जावा कुडाळजवळ घरामागच्या शेडमध्ये छोटा उद्योग चालवतो. मसाला काजू, नारळाची वडी आणि डिंकाचे लाडू हा जुना माल. अलीकडे शेंगदाण्याचं दही आणि काजूचं स्प्रेडही करतो. पुण्याच्या एका दुकानदाराचं म्हणणं, ‘पाकिटावर व्हीगन लिहा, सगळा माल उचलतो.’ आमच्याकडे अन्न परवाना आहे, पाकिटावर हिरवा ठिपका आहे. काजू, शेंगदाणे, नारळ यांत प्राण्यांचं काही नसतंच. वडीत आम्ही दूध घालत नाही. तुपाचे लाडू त्याच शेडमध्ये होतात, पण वेगळ्या दिवशी. मग ‘व्हीगन’ हा शब्द आणि ते पानाचं हिरवं चिन्ह छापायला हरकत आहे का?

— दोन जावा, कुडाळ

उत्तर

दोन्ही ताईंना नमस्कार.

चिन्ह आज छापू नका, आणि नुसता शब्दही छापू नका. तुमच्या मालाच्या दर्जाबद्दल आमची तक्रार नाही. पण ‘व्हीगन’, म्हणजे दूध-मधासकट प्राण्यांपासून आलेलं काहीही नसलेलं, असं लिहिलं की तुम्ही विरजणाबद्दल, मसाल्याच्या गोणीबद्दल, कढईबद्दल, ट्रेला लावलेल्या हाताबद्दलही शब्द देता. तो शब्द देण्याची तयारी तुमच्या शेडमध्ये नक्की होऊ शकते, आणि तुमच्यासारख्या छोट्या उद्योगांनी ती करावी असं आम्हाला मनापासून वाटतं. दूध न खाणारा माणूस आज दुकानात उभा राहून पाकिटामागची बारीक अक्षरं वाचत बसतो, आणि तरी त्याला खात्री मिळत नाही.

आधी हिरव्या ठिपक्याबद्दल. आपल्या कायद्यात व्याख्या आहे ती मांसाहारी पदार्थाची: प्राणी, पक्षी, कीटक, मासे व इतर जलचर, अंडी किंवा प्राण्यापासून मिळालेला कोणताही घटक ज्यात आहे तो. मात्र या व्याख्येतून दूध, दुधाचे पदार्थ, मध, मधमाशांचं मेण आणि लाख मुद्दाम वगळली आहेत. त्यामुळे तुपातले डिंकाचे लाडू, पनीर, मधाची बाटली, लाखेचा चकचकीत थर दिलेल्या गोळ्या या सगळ्यांवर हिरवा ठिपकाच येतो. आपल्याकडे शाकाहार म्हणजे दूधतुपासह शाकाहार, आणि ठिपका त्या समजुतीला धरून ठरवलेला आहे. तो आपलं काम चोख करतो, फक्त ते काम वेगळं आहे.

उलट ठिपक्यामुळे अर्धं ओझं आधीच उतरलेलं असतं. पाकिटावर 471, 631 असे मिसळलेल्या द्रव्यांचे (अॅडिटिव्हचे) आकडे दिसले की व्हीगन ग्राहक घाबरतात. 471 म्हणजे मोनो व डायग्लिसराइड्स, ती पाम तेलापासून होतात तशी प्राण्यांच्या चरबीपासूनही होतात. 631 म्हणजे डायसोडियम इनोसिनेट, हे चव वाढवणारं द्रव्य मांस-माशांपासून मिळवतात तसं आंबवण्याच्या प्रक्रियेतूनही मिळवतात. दिल्ली उच्च न्यायालयाने डिसेंबर 2021 मध्ये याच 631 चं उदाहरण घेऊन सांगितलं होतं, की घटक कितीही थोडा असला तरी त्याचा स्रोत वनस्पती आहे, प्राणी आहे की प्रयोगशाळा, हे उत्पादकाने उघड केलं पाहिजे. हिरवा ठिपका खरेपणाने लावलेला असेल तर हे आकडे मांस, मासा किंवा अंड्यातून आलेले नसतात. मग शोधायचं उरतं ते दूध आणि त्याची सगळी रूपं, मध, 901 म्हणजे मधमाशांचं मेण आणि 904 म्हणजे लाख.

आता ‘व्हीगन’ या शब्दामागचा नियम. व्हीगन अन्नाचे स्वतंत्र विनियम जून 2022 मध्ये अधिसूचित झाले. त्यांत घटकांच्या जोडीला अॅडिटिव्ह, सुवासिक द्रव्यं, एन्झाइम, ही द्रव्यं ज्यात मिसळून येतात ती वाहक पूड आणि प्रक्रियेपुरते वापरून नंतर काढून टाकलेले पदार्थही मोजले आहेत. उत्पादनाच्या कोणत्याही टप्प्यावर यांतलं काहीही प्राणिजन्य नको. माल कुठून आला याचा माग उत्पादकापर्यंत लागला पाहिजे. त्याच यंत्रांवर इतर माल होत असेल तर व्हीगन मालाआधी ती नीट साफ झाली पाहिजेत. या अटी पाळल्याशिवाय कोणताही पदार्थ व्हीगन म्हणून बनवता, विकता किंवा आयात करता येत नाही. म्हणूनच चिन्ह टाळून फक्त शब्द छापण्याची पळवाट उरत नाही.

या कसोटीवर तुमचा एकेक पदार्थ पाहू.

शेंगदाण्याचं दही सगळ्यात अवघड आहे, कारण त्यात विरजण आहे. घरचं चमचाभर दही घालून लावत असाल तर प्रश्नच मिटला, तो पदार्थ व्हीगन नाही. ‘पुढच्या लावणीत ते दही उरतंच कुठे’ हा युक्तिवाद नियमापुढे टिकत नाही, कारण अट प्रत्येक टप्प्याची आहे. बाजारातली विरजणाची पुडी वापरत असाल तरी थांबा. सुकवलेले जिवाणू बऱ्याचदा दुधाच्या माध्यमात वाढवलेले असतात, किंवा पुडीत लॅक्टोज (दुधातली साखर) अथवा दुधाची भुकटी वाहक म्हणून असते. पुडीचं वजन दह्याच्या मानाने नगण्य असतं, म्हणून कुणी विचारत नाही, आणि नेमकं इथेच बिनसतं. दुग्धमुक्त माध्यमात वाढवलेलं, वाहकही वनस्पतिजन्य असलेलं विरजण मिळतं. पुरवठादाराकडून तसं लेखी घ्या. हिरव्या मिरचीच्या देठांनीही असं दही लागतं: 200 ग्रॅम शेंगदाणे आठ तास भिजवून, सालं काढून, सुमारे 700 मिलिलिटर पाण्यात वाटून गाळायचे, उकळी आणून 40 अंशांच्या आसपास निववायचं आणि देठांसकट सात-आठ मिरच्या बुडवून आठ ते दहा तास ठेवायचं. घरी हे ठीक. विक्रीसाठी मात्र देठांवर कोणते जिवाणू येतील यावर आपला ताबा नसतो. आंबटपणा दर खेपेला वेगळा येतो आणि नको ते जंतूही वाढू शकतात. विकायचं असेल तर विकतचं खात्रीचं विरजणच वापरा.

नारळाच्या वडीत दूध नाही, हे छान. पण थापायच्या ताटाला काय लावता? आपल्या स्वयंपाकघरात ताटाला तुपाचा हात फिरवणं इतकं अंगवळणी पडलेलं असतं की ते घटकांत मोजलंच जात नाही. मदतीला येणाऱ्या बाईंना ‘वडीत तूप नाही’ असं सांगून भागत नाही. ‘ताटाला, हाताला, वाटीच्या बुडाला, सुरीला खोबरेल किंवा शेंगदाणा तेल’ असं भिंतीवर लिहून ठेवा. साखरेची काळजी फारशी नको. काही देशांत उसाची साखर शुभ्र करायला हाडांचा कोळसा वापरतात. महाराष्ट्रातले बहुतेक कारखाने चुना आणि गंधकाच्या धुरीवर म्हणजे सल्फिटेशन पद्धतीने साखर करतात, त्यात तो लागत नाही. आयात केलेल्या किंवा खास शुद्ध केलेल्या साखरेबद्दल मात्र विचारा. गुळाची वडी करत असाल तर गुऱ्हाळवाल्याला दोन गोष्टी विचारा: रस निवळायला भेंडीशिवाय काय घालता, आणि काहिलीतला फेस बसवायला तेल टाकता की लोणी-तूप.

मसाला काजूत काजू निर्दोष, संशय मसाल्यावर. मिरची, हळद, मीठ घरी कुटून लावत असाल तर उत्तम. तयार मसाला घेत असाल, विशेषतः चीज, क्रीम-अनियन किंवा पेरी-पेरी चवीचा, तर त्यात व्हेची (दुधाच्या निवळीची) भुकटी, मिल्क सॉलिड्स किंवा दुधापासून काढलेली लोण्याची चव असणं अगदी नेहमीचं. शिवाय असा मिश्र मसाला तयार पदार्थाच्या 5 टक्क्यांपेक्षा कमी असेल तर त्याच्या आतले सगळे घटक पाकिटावर फोडून लिहिण्याची सक्ती नाही, अॅलर्जीकारक घटक आणि काम करणारे अॅडिटिव्ह तेवढे लिहावे लागतात. त्यामुळे मसाल्याच्या गोणीवरचं लेबल वाचून पूर्ण चित्र मिळेलच असं नाही. काजू तेलात परतत असाल तर तेही तपासा. ‘प्लस एफ’ चिन्हाच्या फोर्टिफाइड तेलात अ आणि ड जीवनसत्त्वं घातलेली असतात. ड3 जगभर बहुधा मेंढीच्या लोकरीतल्या स्निग्धांशापासून बनवतात, वनस्पतिजन्य प्रकारही मिळतात. तेलाच्या कंपनीकडून स्रोत लेखी मागवा.

काजूचं स्प्रेड सगळ्यात सोपं आहे. काजू, पाणी, मीठ, लिंबू, लसूण एवढंच असेल तर सुरुवात इथूनच करा. त्यात विरजण घालत असाल तर दह्याचंच सगळं लागू.

डिंकाचे लाडू तुपातलेच राहू द्या. ते बदलायला आम्ही सांगणार नाही, पण शेडमधली खरी अडचण तेच आहेत, त्याबद्दल थोडं पुढे.

पुरवठादारांना तोंडी विचारू नका. ‘मॅडम, सगळं शंभर टक्के व्हेज आहे’ हे उत्तर फोनवर ठरलेलं असतं आणि ते खरंही असतं, कारण त्याच्या डोळ्यांसमोर हिरवा ठिपका असतो. म्हणून ‘व्हीगन आहे का’ हा प्रश्नच टाळा, पदार्थांची नावं घेऊन विचारा. पत्राचा मसुदा असा ठेवा:

‘आपल्याकडून घेत असलेल्या या मालात दूध, मिल्क सॉलिड्स, व्हे, केसीन किंवा कॅसिनेट, लॅक्टोज, लोणी, तूप, मध, मधमाशांचं मेण, लाख किंवा इतर कोणताही प्राणिजन्य पदार्थ घटक म्हणून, चवीच्या किंवा रंगाच्या वाहकात, अथवा प्रक्रियेसाठी वापरला जातो का? हा माल ज्या यंत्रावर तयार होतो व भरला जातो, त्यावर दुधाचा समावेश असलेला दुसरा माल होतो का? होत असल्यास मधली सफाई कशी केली जाते? घटक किंवा त्याचा स्रोत बदलणार असल्यास माल पाठवण्याआधी आम्हाला लेखी कळवाल का?’

उत्तर कंपनीच्या कागदावर, सही, तारीख आणि मालाच्या पूर्ण नावासह यायला हवं. वर्षातून एकदा नवं घ्या. जो पुरवठादार शेवटच्या प्रश्नाला उत्तर देत नाही, त्याचा माल व्हीगन पदार्थात वापरू नका. पाककृती शांतपणे बदलणं हे या धंद्यातलं सगळ्यात मोठं दुखणं आहे.

आता शेड. लाडू वेगळ्या दिवशी करता हे चांगलं, पण दिवस वेगळा असून भांडं तेच असेल तर उपयोग थोडाच. तूप आणि दूध हे दोन वेगळे शत्रू आहेत आणि दोघांना घालवायची रीत उलटी आहे. दुधाचं प्रथिन सरळ कढत पाण्याने धुतलं तर ते गोठतं आणि भांड्याला घट्ट चिकटून बसतं. तूप गार पाण्याने हलत नाही, नुसतं पसरतं. म्हणून क्रम असा: आधी खरवडून कोरडी घाण काढा, मग गार किंवा कोमट पाण्याने खळबळून घ्या, त्यानंतर 60 ते 65 अंशांच्या पाण्यात खाद्य-यंत्रांसाठीचा डिटर्जंट घालून ब्रशने घासा, स्वच्छ पाण्याने दोनदा धुवा आणि पूर्ण वाळवा. मिक्सरच्या भांड्याचं रबर, पात्याखालची खाच, ओल्या ग्राइंडरच्या वरवंट्याचा कणा, गाळणीची कड, सीलिंग मशीनची पट्टी या जागा उघडून पाहिल्याशिवाय भांडं साफ झालं असं समजू नका.

काही वस्तू धुऊन चालतच नाहीत. लाकडी उलथणी, पाट, लाटणं, गाळायचं मलमल, चाळण्या आणि तुपात मुरलेली लोखंडी कढई यांत स्निग्धांश आत शिरलेला असतो. या वस्तूंचा दुसरा संच घ्या आणि दांड्याला हिरवा रंग लावा. एवढा खर्च सुरुवातीलाच करावा असं आमचं स्पष्ट मत आहे. धुण्यात जाणारे तास मोजले तर तो लवकर वसूल होतो. सुक्या मसाल्याचा मिक्सर किंवा ड्रम असेल तर पाणी घालू नका, ओल धरून गुठळ्या होतात. आधी ब्रशने झाडा, मग दोन-तीन किलो मीठ किंवा साखर त्यातून फिरवून फेकून द्या आणि हे ‘फ्लश’ नोंदवहीत लिहा. दुधाची भुकटी शेडमध्ये येत असेल तर ती कधी मोजता हे पाहा, कारण तिची धूळ हवेत बराच वेळ तरंगते आणि शेजारच्या उघड्या ताटावर बसते. दिवसाचा क्रम ठरवताना व्हीगन माल धुतलेल्या भांड्यांत सकाळी पहिला, तुपाचा शेवटी.

चाचणीबद्दल दुकानदार तुम्हाला सांगेल, ‘लॅबचा रिपोर्ट आणा, झालं.’ तसं होत नाही. दुधाचं प्रथिन ओळखणाऱ्या झटपट पट्ट्या मिळतात. धुतलेल्या भांड्यावर बोळा फिरवून किंवा शेवटचं धुवण घेऊन त्या वापरता येतात आणि सफाई तपासायला त्या फार उपयोगी आहेत. एनएबीएल मान्यताप्राप्त प्रयोगशाळा तयार पदार्थातलं केसीन किंवा बीटा-लॅक्टोग्लोब्युलिन ही दुधाची प्रथिनं मोजूनही देते. पण दोन गोष्टी लक्षात ठेवा. एक म्हणजे तूप जवळपास निव्वळ स्निग्धांश असतं, त्यात प्रथिन नावापुरतं. लाडवांच्या कढईत केलेली वडी प्रथिनाच्या चाचणीत सहज ‘निरंक’ येईल आणि तरीही तिच्यात तूप असेल. दुसरं, आंबवलेल्या पदार्थात प्रथिनं तुटलेली असतात, त्यामुळे दह्याचा निकाल प्रत्यक्षापेक्षा कमी दाखवू शकतो. म्हणून तुपाच्या बाबतीत भरवसा वेगळ्या भांड्यांवर ठेवा, आणि दह्याच्या बाबतीत विरजणाच्या कागदावर.

नोंदवही साधी दोनशेपानी चालेल. प्रत्येक घाण्याला एक ओळ: बॅच क्रमांक, तारीख, प्रत्येक कच्च्या मालाचा लॉट आणि बिल क्रमांक, त्याआधी त्या भांड्यात काय झालं होतं, सफाई कुणी केली, कुणी पाहिली, किती पाकिटं भरली. महिन्यातून एकदा कपाटातलं कुठलंही पाकीट उचला आणि त्याच्या क्रमांकावरून काजू कोणत्या बिलातले, मसाला कोणत्या गोणीतला, हे शोधून काढा. दोन तासांत सापडलं नाही, तर माग लागत नाही असं धरा आणि वही सुधारा.

लेबलवर मजकुराइतक्याच चुका जागेच्या आणि नावाच्या होतात. ‘शेंगदाण्याचं दही’ हे नाव पाकिटावर चालणार नाही. दूध, दही, चीज, बटर ही नावं वनस्पतिजन्य पदार्थांना देण्यास एफएसएसएआयची, म्हणजे देशाच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाची, मनाई आहे, आणि सप्टेंबर 2021 मध्ये ऑनलाइन दुकानांना असा माल यादीतून काढायला सांगण्यात आलं होतं. नारळाचं दूध, पीनट बटर अशी रुळलेली नावं अपवाद आहेत. तुम्ही ‘शेंगदाण्यापासून आंबवलेला पदार्थ’ असं लिहा. ग्राहकांचा गोंधळ उलट बाजूनेही होतो: बाजारातल्या ‘बदाम मिल्क’च्या बाटलीत गाई-म्हशीचंच दूध असतं, आणि ‘फ्रोझन डेझर्ट’मध्ये वनस्पती तेल असलं तरी मिल्क सॉलिड्सही असतात. ‘नॉन-डेअरी’ क्रीमरमध्ये कॅसिनेट हे दुधाचंच प्रथिन सापडतं, ‘लॅक्टोज-फ्री’ दूध हे दूधच असतं. अशा शब्दांनी फसलेले लोक तुमच्या पाकिटाकडे येणार आहेत, त्यांना नाव वाचताच पदार्थ कळू द्या.

अनिवार्य मजकूर इंग्रजीत किंवा देवनागरी हिंदीत हवा. मराठी जोडीला हवी तेवढी लिहा, पण एकटी मराठी पुरत नाही. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने. मसाला 5 टक्क्यांच्या आत असला तरी त्यातला प्रत्येक घटक फोडून लिहा. सक्ती नसताना पूर्ण यादी देणारं पाकीट व्हीगन ग्राहक लगेच ओळखतो. हिरवा ठिपका नावाजवळ, समोरच्या बाजूला. 12 बाय 18 सेंटिमीटरचं पाकीट असेल तर समोरची बाजू 216 चौरस सेंटिमीटर होते; 100 ते 500 चौरस सेंटिमीटरसाठी ठिपक्याचा व्यास किमान 4 मिलिमीटर आणि चौकोनाची बाजू 8 मिलिमीटर हवी. 100 पर्यंतच्या छोट्या पुडीला 3 आणि 6 चालतात. व्हीगन चिन्ह मिळालं तरी हा ठिपका काढायचा नाही.

घटकांच्या यादीखाली अॅलर्जीची ओळ. तुमच्या बाबतीत काजूंसाठी ‘कंटेन्स: नट्स’, दह्यावर ‘कंटेन्स: पीनट’, आणि शेडमध्ये दूध-तूप वापरलं जात असेपर्यंत ‘मे कंटेन: मिल्क’. इथे तुम्ही म्हणाल, व्हीगन लिहायचं आणि खाली दूध असू शकेल असंही लिहायचं? जगभर अशी पाकिटं असतात, आणि दोन्ही विधानं एकमेकांना छेदत नाहीत. पहिलं सांगतं की आम्ही मुद्दाम काही प्राणिजन्य वापरलं नाही आणि वाजवी काळजी घेतली. दुसरं सांगतं की ज्याला सूक्ष्म अंशानेही जिवाचा धोका आहे, त्याने हे खाऊ नये.

हा भेद फार गंभीर आहे, म्हणून थोडं थांबून सांगतो. दुधाची तीव्र अॅलर्जी असलेल्या मुलांच्या आया ‘व्हीगन’ शब्दावर विसंबून खरेदी करतात. ब्रिटनमध्ये 2017 साली दुधाची तीव्र अॅलर्जी असलेल्या एका महिलेचा, दुधाविना म्हणून विकलेला व्हीगन रॅप खाऊन मृत्यू झाला. त्यात दह्याच्या जागी नारळाचा पदार्थ होता. चौकशीत निघालं की त्या पदार्थासाठी आणलेला स्टार्चच आधी दुधाच्या प्रथिनाने दूषित झाला होता. रॅप करणाऱ्याने दूध घातलं नव्हतं, नारळाचा पदार्थ करणाऱ्यानेही नाही. चूक दोन टप्पे मागे, एका गोणीत होती. म्हणून तुमच्या पाकिटावर ‘दूधमुक्त’ किंवा ‘डेअरी-फ्री’ असं कधीही लिहू नका, जोवर शेडमध्ये तुपाचा एकही घाणा निघतो तोवर. आणि फोनवर कुणी अॅलर्जीबद्दल विचारलं तर ‘काही होत नाही हो’ असं म्हणू नका. शेडमध्ये तूप वापरलं जातं, हे स्पष्ट सांगा.

चिन्हासाठी एफएसएसएआयकडे ऑनलाइन अर्ज करावा लागतो आणि मान्यता आल्यावरच ते छापायचं. अर्जाला हात घालण्याआधी प्रत्येक पदार्थाची वेगळी फाइल करा: घटक आणि त्यांचे स्रोत, पुरवठादारांची पत्रं, विरजण व सुवासिक द्रव्यांचा तपशील, कच्च्या मालापासून पाकिटापर्यंतचा प्रवाह-तक्ता, सफाईची लेखी पद्धत, लेबलचा नमुना. प्राण्यांवर चाचण्यांबद्दलही अट आहे. तुमच्यासारख्यांना ती सहसा अडत नाही, पण नव्या प्रकारचं अॅडिटिव्ह घेताना पुरवठादाराला विचारा. सुरुवात एकट्या काजू स्प्रेडने करा, फाइल पातळ राहील आणि पद्धत हाताखालून जाईल.

इंटरनेटवरून चिन्हं उतरवून घेऊ नका. सूर्यफुलाचं चिन्ह हा ब्रिटनच्या व्हीगन सोसायटीचा 1990 पासूनचा ट्रेडमार्क आहे, पिवळं व्ही-लेबलही खासगी परवान्याचं आहे. दोन्ही करार करूनच वापरता येतात. युरोपीय संघात ‘व्हीगन’ची कायदेशीर व्याख्या अजून नाही, म्हणून तिथे खासगी चिन्हांचं वजन जास्त. आपल्याकडे व्याख्या कायद्यातच आहे, ही छोट्या उत्पादकाला मोठी सोय आहे: परदेशी चिन्हाचं शुल्क न भरताही तुमचा शब्द कायद्याच्या आधाराने उभा राहतो.

मान्यता येईपर्यंत माल विकू नका असं नाही. पूर्ण घटक-यादी आणि अॅलर्जीची ओळ ठळक छापून खुशाल विका. लेबलात खोटी किंवा दिशाभूल करणारी माहिती असलेला माल ‘मिसब्रँडेड’ ठरतो आणि अन्न सुरक्षा व मानके कायद्याच्या कलम 52 नुसार 3 लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. तो बनवणाऱ्याला होऊ शकतो तसा विकणाऱ्यालाही.

शेवटची काळजी छापील पाकिटांची. एकदा व्हीगन चिन्हाची पाकिटं आली की ती लाडवांच्या पाकिटांपासून वेगळ्या, कुलूपबंद कपाटात ठेवा आणि मोजून द्या. मोजलेल्या आणि भरलेल्या पाकिटांचा हिशेब रोज लागला पाहिजे. चुकीच्या पाकिटात बरोबर माल भरला जाणं हे बाजारातून माल परत मागवण्याचं नेहमीचं कारण आहे. मसाला किंवा विरजण बदललं तर त्या दिवसापासून ते पाकीट थांबवा, जुना गठ्ठा संपायची वाट पाहू नका. आणि चुकून तुपाचा घाणा व्हीगन पाकिटात गेलाच तर बॅच क्रमांक घेऊन त्याच दिवशी प्रत्येक दुकानदाराला कळवा, माल कपाटातून उतरवायला सांगा, तुमच्या भागातल्या अन्न सुरक्षा अधिकाऱ्यांना लेखी द्या, परत आलेली पाकिटं मोजून वेगळी ठेवा. बॅच लहान ठेवलीत, समजा एका वेळी पन्नास पाकिटं, तर परत बोलवायची वेळ आली तरी ती पन्नासच असतील.